इटलीत न चालणारी आंघोळ

डॉक्टर वाळिंबे यांनी माझ्या नावानं दोनदा आंघोळ केलेली आहे.

मराठीत हे आपण सगळेच बोलतो. उसनं नेलेलं पुस्तक कोणी परत करत नाही, तेव्हा आपण म्हणतो, "मी त्या पुस्तकाच्या नावानं आंघोळच केली." बोलतो आणि कोरडे राहतो. डॉक्टर कोरडे राहत नाहीत. कोणाशी कायमचं बिनसलं की ते लेस्टरच्या आपल्या घरात वर बाथरूममध्ये जातात, अंगावरच्या कपड्यांसकट शॉवरखाली उभे राहतात आणि त्या माणसाच्या नावानं डोक्यावरून पाणी घेतात. सुतकाची आंघोळ सचैल करायची असते, असं त्यांच्या आजोबांनी त्यांना मिरजेला शिकवलं होतं. आजोबांनी ते मेलेल्या माणसांसाठी शिकवलं. डॉक्टरांनी ते जिवंतांना लागू केलं. खाली आल्यावर, कार्पेटवर पाणी ठिबकत असताना, ते एवढंच म्हणतात, "माझ्यापुरता तो गेला. विषय संपला."

इथे डॉक्टरांचं आणि बाकी सगळ्यांचं नाव मी बदललं आहे. या वयात तिसरी आंघोळ मला सोसणार नाही.

मी त्यांची मेडिकल सेक्रेटरी होते. ते हॉस्पिटलात छातीचे डॉक्टर, आणि त्यांचं अक्षर वाचता येणारी मी सबंध इमारतीत एकटी. पहिली आंघोळ त्यातूनच झाली. एका पेशंटला त्यांनी लिहिलं होतं, "एक तर सिगारेट सोडा, नाहीतर मला सोडा." मी टाइप करताना ते जरा मऊ केलं. दुसरी आंघोळ आंब्यावरून झाली. बेलग्रेव्ह रोडवरून आणलेला पाकिस्तानी चौसा हापूसपेक्षा गोड लागतो, असं मी त्यांच्याच घरी, त्यांच्याच सोफ्यावर बसून म्हटलं. पुढचं वाक्य बोलायच्या आत वरून पाण्याचा आवाज आला.

एकदा भर जानेवारीत बॉयलर बंद पडला आणि मेकॅनिक रोज उद्याचा वायदा करत राहिला. शेवटी त्याच्याही नावानं आंघोळ ठरली. पण बॉयलरच बंद, तेव्हा गरम पाणी कुठून येणार! डॉक्टर बर्फासारख्या पाण्याखाली उभे राहिले आणि नंतर आठवडाभर तापानं पडून होते. तापातही समाधान होतं. मेकॅनिक गेला होता.

अशा गेलेल्या माणसांना ते कैलासवासी म्हणतात. आमच्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष कुलकर्णी यांनी गणपतीला फ्रोझन पुरणपोळ्या वाढल्या, तेव्हापासून ते 'कैलासवासी कुलकर्णी' झाले. पुढल्या वर्षी हाउन्सलोहून नव्यानं आलेल्या एका मुलीनं सौ. कुलकर्णींचा हात हातात घेऊन "फार वाईट झालं हो" म्हटलं. कुलकर्णी मागेच प्रसादाचे द्रोण भरत उभे होते.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो, कारण मेलेल्यांना जिवंत करायचं खातं मालतीवहिनींकडे होतं. डॉक्टरांच्या पत्नी. महिना-दोन महिने जाऊ द्यायच्या आणि मग हळूच फोन करायच्या. "उज्ज्वला, गुरुवारी जेवायला ये गं. आता वाळलेत ते." आपण जायचं. डॉक्टर दार उघडून चष्म्यावरून बघायचे. "तू? बरं, आलीच आहेस तर बस." संपलं. पानात वाटली डाळ पडली की आपला पुनर्जन्म झाला असं समजायचं. मी दोन्ही वेळा अशीच उठले. कुलकर्णी तर किती वेळा मेले आणि उठले, याचा हिशोब त्यांनाही नसेल.

इटलीतलं घर वहिनींच्याच हौसेचं. लेस्टरमध्ये सांडगे वाळत नाहीत. ऊन येतं, पण पाहुण्यासारखं येतं आणि चहा व्हायच्या आत जातं. सांडग्यांना बुरशी येते. मग एकदा सुट्टीत आब्रुझोच्या डोंगरात कुठल्याशा खेड्यात हे दोघे उतरले असताना वहिनींना एका दगडी घरावर गच्ची दिसली. शेजारची म्हातारी आपल्या गच्चीवर टोमॅटो वाळत घालत होती. वहिनींनी दगड हातानं चाचपून पाहिला आणि म्हणाल्या, "इथे कुरडया होतील." डॉक्टरांनी ते घर घेतलं. अर्धं छप्पर नव्हतं, जिना बाहेरून होता, पण गच्ची शाबूत होती. मग दर जुलैला त्यांच्या गाडीत गव्हाचा चीक शिजवायचं पातेलं इंग्लंडहून इटलीला जायचं आणि ऑगस्टमध्ये डबे भरभरून वाळवणं परत यायची. आमच्या अख्ख्या मंडळानं वर्षानुवर्षं इटलीच्या कुरडया खाल्ल्या आहेत.

आणि मग वहिनींची फुप्फुसं आटायला लागली. छातीच्या डॉक्टरच्या बायकोला छातीचाच आजार व्हावा, यावर मला आजही बोलता येत नाही.

या देशात एक कागद करता येतो. उद्या आपल्याला बोलता आलं नाही, तर उपचारांचे निर्णय आपल्या वतीनं कोणी घ्यायचे, ते त्यात लिहून ठेवतात. वहिनींनी तो कागद केला आणि त्यात नवऱ्याचं नाव घातलं नाही. मुलाचं घातलं. अमेय, एकुलता एक, ब्रिस्टलमध्ये विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर. मला त्या म्हणाल्या होत्या, "यांना सोडता येत नाही गं. ज्यांच्या नावानं आंघोळ करतात, त्यांना सुद्धा मनातून सोडत नाहीत. मला काय सोडणार! ओढत राहतील." वेळ आली तेव्हा वहिनी मशीनवर होत्या. डॉक्टर म्हणत होते, अजून थांबा. अमेयनं आईनं सांगितलं होतं तसं केलं. मशीन काढलं.

स्मशानातून घरी आल्यावर रीतीप्रमाणे सगळ्यांनी आंघोळी केल्या. डॉक्टरांनी दोन केल्या. दुसरी कोणाची, ते कोणी विचारलं नाही. खाली येऊन ते अमेयच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाले, "माझ्यापुरता तो गेला." या वेळी 'विषय संपला' म्हणाले नाहीत. अमेयनं बॅग उचलली. दारात माझ्याजवळ थांबून तो म्हणाला, "मावशी, बाबांचा काळजी घ्या." त्याचं मराठी असंच आहे.

वहिनी गेल्या आणि माणसं जिवंत करायचं खातंच बंद झालं. आता जो मेला तो मेला. ब्रिज खेळणारे एकेक करून कैलासवासी झाले, शेजारचा जॉन कुंपणावरून झाला, कुलकर्णी कायमचे झाले. वहिनी गेल्या तेव्हा मी नेमकी जिवंत होते म्हणून उरले, आणि तेव्हापासून त्या घरात मी आंब्याचा विषय काढत नाही. डॉक्टर संध्याकाळी टोस्टवर लोणचं घालून जेवतात आणि टीव्हीवर आवाज बंद करून क्रिकेट बघतात. मुलाचा उल्लेख झालाच तर 'ब्रिस्टलवाला' म्हणून. आणि कोणी फार खोदून विचारलं, तर एकच वाक्य, सगळ्यांच्या देखत, मंडळात सुद्धा: "त्यानं तिला मारलं."

ते वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की मला त्याचा राग यायचा बंद झाला होता. नुसतं वाईट वाटायचं.

मृत्युपत्राचा विषय निघाला तो त्यांना हार्टचा झटका येऊन गेल्यावर. इंग्लंडातलं मृत्युपत्र चुटकीसरशी झालं. इथे माणूस पोटच्या पोराला वगळून सगळं गाढवांना ठेवू शकतो, आणि हे लोक ठेवतातही. डॉक्टरांनी खरंच राहतं घर म्हाताऱ्या गाढवांच्या एका आश्रमाला लिहून दिलं. "गाढवं उलट बोलत नाहीत," म्हणाले. सॉलिसिटरनं सांगितलं, इटलीतल्या घराचं मात्र तिथल्या नोटरीला विचारा. ते घर डॉक्टरांना मंडळाला द्यायचं होतं, फक्त वाळवणं घालण्यासाठी, आणि कैलासवासी कुलकर्णी यांनी गच्चीवर पाय ठेवू नये या अटीवर.

"अगं, ती बाई व्हिडिओ कॉलवर येणार आहे. तू लॅपटॉप घेऊन ये," त्यांनी मला फोन केला. "आणि मी काही वेडंवाकडं बोललो, तर तसंच्या तसं सांग तिला. मऊ करू नकोस."

इटलीतला नोटरी म्हणजे आपल्याकडे कोर्टाबाहेर झाडाखाली टेबल टाकून शिक्के मारणारा नव्हे. तिथे तो म्हणजे बडी असामी. ही बाई माझ्याच वयाची, मागे कपाटभर जाडजूड पुस्तकं, आणि इंग्रजी माझ्याइतकंच चांगलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मुलं किती?"

"एक. पण तो गेला," डॉक्टर म्हणाले.

"ओ, आय ॲम सॉरी. कधी वारला?"

मला मध्ये पडावं लागलं. "तो हयात आहे. ब्रिस्टलमध्ये आहे."

"मग निम्मं घर त्याचं," नोटरीबाई म्हणाली. एकुलत्या एका मुलाचा निम्मा वाटा कायद्यानंच राखलेला असतो. बापाला पटो न पटो. उरलेल्या निम्म्याचं बापानं काय हवं ते करावं.

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "इट्स माय हाउस!" ते ओरडले आणि मग रागानं मराठीत घसरले. "सांग तिला, मी आंघोळ केली आहे! सगळ्यांसमक्ष केली आहे! सांग!"

मऊ करायचं नाही असं ठरलं होतं. मी सांगितलं, "डॉक्टर म्हणतात, त्यांनी आंघोळ केली आहे."

नोटरीबाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "छान," ती म्हणाली, "पण मुलाचं काय?"

आंघोळ म्हणजे काय, हे मी तिला इंग्रजीतून समजावून सांगितलं. आयुष्यात इतकी अवघड डिक्टेशनं घेतली, पण हे सर्वांत अवघड. तिनं मन लावून ऐकलं. म्हणाली, इटलीतही बाप असं काय काय करतात, जेवणाच्या ताटावरून उठून जातात, फोटो उलटे करून ठेवतात. कायदा त्यातलं काही धरत नाही. मुलाला अपात्र ठरवायचं तर कारणं अगदी थोडी आहेत, आणि ती तिला रीतसर विचारावी लागतील.

"त्यानं कधी तुमचं मृत्युपत्र खोटं केलं, लपवलं, फाडलं?"

"नाही."

"तुमच्यावर खोटा आरोप केला?"

"नाही. तो बोलतच नाही. म्हणजे, दर रविवारी फोन करतो. मी उचलत नाही."

"त्यानं तुम्हाला, किंवा तुमच्या पत्नीला, मारलं किंवा मारायचा प्रयत्न केला?"

एवढी वर्षं त्यांनी ज्याला-त्याला सांगितलेलं वाक्य आता कायदा त्यांना विचारत होता. त्यांनी फक्त होय म्हणायचं होतं. पुढे कोर्ट झालं असतं, पुरावे झाले असते, त्यात काही टिकलंही नसतं. पण हा माणूस होय म्हणेल, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. मी मनातल्या मनात अमेयची माफी मागून टाकली.

डॉक्टरांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. आणि इंग्रजीत बोलले, पण ओरडायच्या आवाजात नाही, वॉर्डात राउंड घेताना बोलायचे त्या सपाट आवाजात. "नाही. माझ्या पत्नीची फुप्फुसं पूर्ण निकामी झाली होती. मी स्कॅन पाहिले होते. मशीन ठेवलं असतं तर काही दिवस गेले असते. ती उठली नसती. त्या जागी माझा पेशंट असता, तर मी ते आधीच काढलं असतं."

मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "हे सांगितलंस ना तिला?"

"तुम्ही इंग्रजीतच बोललात, डॉक्टर."

"असं का? बरं."

नोटरीबाईनं काहीतरी टिपून घेतलं. मग जायच्या आधी, आपलं कर्तव्य म्हणून, तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. तुम्ही ब्रिटिश नागरिक आहात, तर एक पळवाट आहे. 'माझ्या वारशाला माझ्या देशाचा, म्हणजे इंग्लंडचा कायदा लागू व्हावा', एवढं एक वाक्य मृत्युपत्रात लिहा. मग मुलाचा वाटा आपोआप राहत नाही. घर मंडळाला द्या, गाढवांना द्या, कोणालाही द्या. मात्र मृत्युपत्र घरीच करणार असाल, तर सगळं स्वतःच्या हातानं लिहा. तारीख, सही, प्रत्येक अक्षर. टाइप केलेलं चालत नाही.

"एक वाक्य," डॉक्टर म्हणाले. "थँक यू."

पुढच्या शनिवारी दुपारी त्यांनी मला बोलावलं. किचनच्या टेबलावर कोरे कागद होते आणि खिडकीबाहेर आमच्या गावचं नेहमीचं करडं आभाळ. त्यांचं अक्षर इटलीत कोणाला लागणार नाही, म्हणून मी समोर बसून प्रत्येक शब्द वाचता येतो का ते बघायचं होतं. ते शाळकरी मुलासारखे सुटं सुटं अक्षर काढत होते, जीभ दातात धरून. पत्ता लिहिला. तारीख लिहिली. मी आठवण केली, "ते वाक्य आधी लिहा. इंग्लंडच्या कायद्याचं."

"कुठलं वाक्य?"

"अहो, नोटरीबाईनं सांगितलेलं. ते लिहिलं नाही, तर निम्मं अमेयला जाईल."

"जाईल तर जाईल. तिथला कायदाच तसा आहे, त्याला मी काय करणार?" ते कागदावरून मान वर न करता म्हणाले. "दुसऱ्याच्या देशात घर घ्यायचं आणि त्यांचा कायदा नको म्हणायचं, हे बरं नाही."

ज्या माणसानं इंग्लंडच्या थंडीपासून बॉयलरपर्यंत कशाचंच कधी ऐकलं नाही, तो इटलीचा कायदा मानायला निघाला होता. त्यांनी लिहिलं, 'माझा मुलगा'. मग थांबले. मग 'अमेय' लिहिलं, आणि पुढे स्वतःचं नाव, आडनाव. ब्रिस्टलवाला नाही. त्यांनी तो कागद माझ्याकडे सरकवला. "वाचता येतंय?"

"येतंय," मी म्हटलं. माझं नाक गळायला लागलं होतं. "आता उरलेलं निम्मं. मंडळाचं नाव घाला."

"निम्मं म्हणजे कुठलं निम्मं?" ते एकदम चिडले. "जिना त्याचा आणि गच्ची मंडळाची? लोक वर जाणार कसे, उडत? आणि कुलकर्णी त्याच्या जिन्यावरून ये-जा करणार? उगीच पोराला डोक्याला ताप. ते काही नाही. पुरंच लिहितो त्याच्या नावानं."

"पुरं त्यालाच द्यायचं तर मृत्युपत्र कशाला? काही लिहिलं नाही, तरी एकुलता एक म्हणून त्यालाच जाणार की."

"मग ते इटलीनं दिलं असं होईल," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी पुरं लिहिलं. सही केली. सहीखाली घट्ट रेघ ओढली, तपासून झालेल्या केसपेपरवर ओढायचे तशी. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मी अमेयला कळवू?"

"मी मेल्यावर."

"तेव्हा कळून काय उपयोग? माणूस जिवंत असताना एक शब्द बोलायचा नाही आणि मेल्यावर गच्ची द्यायची! वहिनी असत्या तर काय म्हणाल्या असत्या?"

मला त्यांचा खरंच राग आला होता. आता हे उठतील, वर जातील आणि माझा निकाल लागेल, असं मला वाटलं. पण ते बसून राहिले. टेबलावर पडलेलं पेनाचं टोपण त्यांनी पेनाला लावलं, काढलं, परत लावलं.

"आत्ता कळलं तर तो येईल," ते म्हणाले.

"मग येऊ द्या की."

"तसा नाही. फोन न करता, गाडी काढून लगेच येईल. त्याच्या आईसारखा आहे." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "आणि आला, इथे समोर बसला, तर मला त्याला सांगावं लागेल की त्याचं बरोबर होतं. त्या परक्या बाईला सांगता आलं गं. त्याला कसं सांगू?"

मी त्यांच्यासाठी चहा टाकला. ते त्या कागदावरची शाई वाळली का, ते बोटानं बघत होते.